भावाच्या हृदयातले टाके सैल आहेत. मी धावणं थांबवू का?

प्रश्न : माझा मोठा भाऊ ४१ वर्षांचा आहे. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत धावताना त्याची शुद्ध हरपली. तपासण्यांनंतर ‘ॲरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी’ असं निदान झालं आणि छातीत आयसीडी, म्हणजे घातक ताल सुरू झाला की झटका देऊन तो तोडणारं यंत्र, बसवला. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या पेशी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात तिथले टाके सैल पडलेत, म्हणून ठोके बिघडतात. मी ३६ वर्षांची आहे. आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावते, त्रास काहीच नाही. ईसीजी आणि इको करून घेतला, दोन्ही नॉर्मल. ठोका तर हृदयातल्या नैसर्गिक पेसमेकरमधून निघतो, मग पेशींच्या जोडणीचा तालाशी काय संबंध? रिपोर्ट नॉर्मल असतानाही धावणं थांबवायचं का? टाके घट्ट करणारं एखादं औषध किंवा सप्लिमेंट आहे का? आणि माझ्या ९ वर्षांच्या मुलीला आत्ताच तपासायचं का?

उत्तर : निकडीचं आधी. भावाच्या जनुकीय चाचणीचा निकाल आणि तुमच्या राहिलेल्या तपासण्या हाती येईपर्यंत धावणं थांबवा. कमी करा असं मी म्हणत नाही, थांबवाच. चालणं चालू ठेवा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. पोहायला एकटीने जाऊ नका, कारण पाण्यात क्षणभर शुद्ध हरपली तरी बुडण्याचा धोका असतो. तुम्हाला हा आजार आहे असं यातून कुणी म्हणत नाही. पण तो असेल, तर त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात ईसीजी आणि इको दोन्ही निर्दोष असू शकतात, आणि दीर्घ दमाच्या व्यायामानं तो बळावतो. असं का, ते कळायला तुमच्या पहिल्या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी.

ठोका उजव्या कर्णिकेतल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या, सायनस नोड या नैसर्गिक पेसमेकरमधून निघतो हे बरोबर. पण निघणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं. जवनिकांच्या, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या, आतल्या पृष्ठभागापर्यंत विद्युत लहर पर्किंजे तंतूंमधून येते, सेकंदाला साधारण २ ते ४ मीटर वेगाने. तिथून पुढे भिंतीच्या जाडीत तिला वाहून नेणारा वेगळा मार्ग नाही. प्रत्येक पेशीनं शेजारच्या पेशीला जागं करायचं, तिनं पुढच्या पेशीला. हृदयस्नायूची एक पेशी सुमारे ०.१ मिलिमीटर लांब असते. लहरीचा वेग इथे सेकंदाला अर्धा मीटर धरला, तर एका पेशीच्या वाट्याला ०.२ मिलिसेकंद येतात. प्रत्येक ठोक्याला हा प्रवास नव्यानं होतो, आणि दर पेशीगणिक एक सांधा पार करावा लागतो. ताल टिकतो की मोडतो, ते बऱ्याच अंशी या सांध्यांवर ठरतं.

या सांध्यांना इंटरकॅलेटेड डिस्क म्हणतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींच्या टोकांशी गडद आडव्या रेघांसारख्या दिसायच्या, पण हृदयाचा स्नायू म्हणजे अखंड सलग पदार्थच आहे असं फार काळ मानलं जात होतं. १९५४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं दाखवून दिलं की त्या रेघेवर दोन स्वतंत्र पेशींची दोन स्वतंत्र आवरणं समोरासमोर आलेली असतात. पेशीचं आवरण मेदाचं असतं, विजेला ते रोधच करतं. म्हणजे पेशी वेगवेगळ्या आहेत, तरीही हृदय एकसंध असल्यासारखं आकुंचन पावतं. हे साधतं ते डिस्कमधल्या तीन प्रकारच्या जोडण्यांमुळे.

विजेचं काम गॅप जंक्शनचं. कोनेक्सिन नावाच्या प्रथिनाचे सहा रेणू वर्तुळात बसून अर्धी नळी बनते, समोरच्या पेशीतूनही तशीच अर्धी नळी येते आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून जुळतात. मधलं भोक जेमतेम दीड नॅनोमीटरचं, पण सोडियम-पोटॅशियमच्या आयनांना तेवढं भरपूर होतं. अशा शेकडो-हजारो नळ्या एकेका पट्ट्यात दाटीनं असतात. विश्रांतीत पेशीच्या आतला विद्युत दाब उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. शेजारची पेशी उत्तेजित झाली की नळ्यांमधून धनभार आत सरकतो, दाब उणे ६५ च्या जवळपास आला की या पेशीच्या सोडियम वाहिन्या उघडतात आणि तीही उत्तेजित होते. या सोडियम वाहिन्याही पेशीच्या टोकांशी, म्हणजे त्याच डिस्कमध्ये जास्त दाटीनं असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दोन जोडण्या ताकदीच्या. त्यांतली एक आकुंचन करणारे तंतू एका पेशीतून दुसऱ्या पेशीला बांधते. दुसरी म्हणजे डेस्मोसोम. ते पेशींच्या आतल्या सांगाड्याला सांगाडा जोडतात, म्हणजे ताण आला तरी पेशी एकमेकींपासून उसवत नाहीत. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी ज्यांना टाके म्हटलं ते हेच. मग ताकदीचे टाके सैल झाले तर वीज का बिघडावी? कारण हे तिन्ही प्रकार डिस्कमध्ये आपापल्या जागी अलिप्त नसतात. प्लाकोफिलिन-२ नावाचं डेस्मोसोमचं प्रथिन गॅप जंक्शन आणि सोडियम वाहिन्या या दोघांनाही जागेवर धरून ठेवायला मदत करतं. प्रयोगशाळेत हृदयपेशींमधलं प्लाकोफिलिन-२ कमी केलं की जवनिकांचं मुख्य कोनेक्सिन, म्हणजे कोनेक्सिन-४३, डिस्कवरून कमी होतं आणि सोडियमचा प्रवाहही घटतो. शिवण उसवण्याच्या आधीच वीज क्षीण होते ती अशी. भिंत अजून पातळ झालेली नाही, चरबी शिरलेली नाही, इकोमध्ये पाहण्यासारखं काही नाही, पण विद्युत जोडणी कमजोर झालेली आहे. तुमच्या नॉर्मल रिपोर्टांची मर्यादा इथे आहे.

आता ‘क्षीण’ म्हणजे किती, यात थोडं खोलात जाऊ, कारण इथे बऱ्याच जणांचा अंदाज चुकतो. निसर्गानं जोडण्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवल्या आहेत. उंदरांमध्ये कोनेक्सिन-४३ निम्म्यावर आणलं तरी लहरीच्या वेगात फारसा फरक पडत नाही. पण हृदयातून ते जवळजवळ पूर्ण काढून टाकलं, तर ते उंदीर दिसायला धडधाकट हृदय घेऊन जन्माला येतात आणि साधारण दोन महिन्यांच्या आत तालाच्या बिघाडानं अचानक मरतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग या विषयात फार महत्त्वाचा आहे. आकुंचनाची ताकद ठीक, रचना ठीक, फक्त पेशी-पेशींमधली विजेची वाट गेली, आणि तेवढंच जिवावर बेतलं. म्हणजे बराच काळ काहीच जाणवत नाही आणि मग एका मर्यादेपलीकडे एकदम जाणवतं. ‘मला काही त्रास नाही’ हे वाक्य म्हणूनच या आजारात फारसा दिलासा देत नाही.

वेग कमी झाला तर नुसता ठोका जरा उशिरा पोहोचेल, त्यात एवढं काय, असं वाटेल. गोम अशी आहे. एकदा उत्तेजित झालेली पेशी पुढचे सुमारे २५० मिलिसेकंद पुन्हा उत्तेजित होऊ शकत नाही. तेवढ्या वेळात लहर किती अंतर कापते ते काढा. सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल तर साडेबारा सेंटिमीटर. लहरीला गोल फिरून आपल्याच वाटेवर परत यायचं असेल तर तिला एवढा लांब फेरा लागेल, आणि निरोगी जवनिकेत तेवढी मोकळी जागा सहसा मिळत नाही. लहर सगळीकडे पोहोचते आणि विझते. आता एखाद्या भागात जोडण्या कमी झाल्यानं वेग सेकंदाला १० सेंटिमीटरवर आला असं धरा. तेच गणित अडीच सेंटिमीटर देतं. व्रणाच्या एखाद्या छोट्या चट्ट्याभोवती एवढी जागा सहज असते. ३ सेंटिमीटरचा फेरा लहर ०.३ सेकंदात पूर्ण करते, म्हणजे मिनिटाला २०० वेळा. सायनस नोडचा मिनिटाला ७० चा ताल त्यापुढे टिकत नाही, जवनिका त्या फेऱ्याचं ऐकू लागतात. यालाच व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. तुमचा भाऊ पडला तेव्हा असाच फेरा सुरू झाला असण्याची शक्यता मोठी आहे. आयसीडीच्या निर्णयामागेही तेच कारण असणार.

फेरा सुरू व्हायला आणखी एक गोष्ट लागते : लहर एका बाजूनं अडली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं गेली पाहिजे. जोडण्या सगळीकडे सारख्याच कमी असतील तर हे अवघड असतं. ठिगळाठिगळांनी कमी असतील, मधेमधे तंतुमय ऊती आणि चरबी असेल, तर सोपं होतं. चार-दोन पेशींच्या अरुंद पट्टीतून लहर येते आणि पुढे एकदम रुंद स्नायू लागतो. त्या थोड्या पेशींचा विद्युतभार इतक्या सगळ्यांना जागं करायला पुरत नाही, लहर तिथेच अडते. उलट दिशेनं, रुंदातून अरुंदात, ती आरामात जाते. ॲरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथीत नेमकं असंच ठिगळांचं नुकसान होतं, आणि ते बहुधा भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं आत सरकतं.

टाके घट्ट करणाऱ्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंय. सरसकट घट्ट जोडणी हृदयाला नकोच असते. सायनस नोड आपल्या आसपासच्या कर्णिकेशी मुद्दाम सैल जोडलेला असतो. नाहीतर कर्णिकेचा मोठा स्नायू त्याचा सगळा भार शोषून घेईल आणि ठोका निघणारच नाही. कर्णिका आणि जवनिका यांच्यामधल्या एव्ही नोडमध्ये गॅप जंक्शन कमी आणि बारीक असतात, वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो, आणि त्यातून मिळालेल्या सुमारे दशांश सेकंदात कर्णिका आपलं रक्त जवनिकांमध्ये रिकामं करतात. शिवाय कोनेक्सिनचं आयुष्य काही तासांचं असतं, पेशी ते सतत नव्यानं घडवते, डिस्कवर पाठवते, जुनं मोडून टाकते. सप्लिमेंटनं त्यात सुधारणा होते असा भरवशाचा पुरावा नाही. गॅप जंक्शन उघडी ठेवण्यासाठी रोटिगॅप्टाइडसारखे रेणू तयार करून अभ्यासले गेले, पण रोजच्या उपचारात त्यांतलं काही आलेलं नाही. प्लाकोफिलिन-२ च्या जनुकाची निरोगी प्रत हृदयापर्यंत पोहोचवण्याचे माणसांवरचे प्रयोग सुरू झाले आहेत. ते अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहेत. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेनं तर काही मोठ्या चाचण्यांत कर्णिकांचा ताल बिघडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तेव्हा ‘हृदयाला चांगलं’ म्हणून आपल्या मनानं काही सुरू करू नका. व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरी आणि सर्दीवरच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन भावानं तर टाळावंच, निकाल येईपर्यंत तुम्हीही टाळा.

व्यायामाचा मुद्दा मी जरा ठासून सांगते, कारण धावणाऱ्या माणसाला तो पटायला सगळ्यात जड जातो. उजव्या जवनिकेची भिंत ३ ते ५ मिलिमीटरची, डावीच्या निम्म्याहूनही पातळ. दीर्घकाळ जोरात धावताना फुप्फुसांच्या धमनीतला दाब वाढतो आणि उजव्या जवनिकेवरचा ताण तिच्या विश्रांतीच्या मानानं डावीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. डेस्मोसोम निरोगी असले तर हा ताण पचतो. ते कमकुवत असले तर डिस्क ताणल्या जातात, पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतू आणि चरबी येते. त्यात धावताना रक्तात ॲड्रेनलिन भरपूर असतं, ते जादा ठोके सुरू करून देतं आणि त्यांतला एखादा फेऱ्याला निमित्त होतो. डेस्मोसोमच्या जनुकात दोष असलेल्या व्यक्तींचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ दमाचे खेळ खेळणाऱ्यांना लक्षणं कमी वयात सुरू झाली, जवनिकांचे घातक ताल आणि हृदयाची दुर्बलता जास्त दिसली, आणि व्यायामाचे तास जितके जास्त तितका धोका जास्त होता. जनुक बदलता येत नाही, वय थांबवता येत नाही. या आजारात माणसाच्या हाती असलेली सगळ्यात मोठी गोष्ट व्यायामाचं प्रमाण हीच आहे.

आता तुमच्या राहिलेल्या तपासण्या. १२ लीडचा ईसीजी झाला आहे, पण त्याची मूळ प्रत घेऊन ठेवा, नुसता ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद नको. वाचणाऱ्याला सांगा की भावाला हा आजार आहे. मग ते व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी लहर उलटी आहे का (१४ वर्षांनंतर आणि उजव्या बंडलचा पूर्ण ब्लॉक नसताना ही खूण महत्त्वाची), क्यूआरएसनंतर एप्सिलॉन लहरीचा बारीक खाचा आहे का, हात-पायांच्या लीडमध्ये लहरी खुज्या आहेत का, हे मुद्दाम पाहतील. जुना ईसीजी असेल तर तोही सोबत न्या, बदल दिसणं हे एकट्या ईसीजीपेक्षा जास्त बोलकं असतं. दुसरी तपासणी होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र लावून ठोक्यांची सलग नोंद, किमान २४ तासांची. अहवालात जवनिकांच्या जादा ठोक्यांचा आकडा मागा. एखाद-दुसरा, किंवा काही डझन, पुष्कळ निरोगी लोकांत असतात. २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत २४ तासांत ५०० हून जास्त ठोके ही दखल घेण्याची पातळी आहे. तिसरी, देखरेखीखालची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करताना काढलेला ईसीजी. चौथी आणि माझ्या मते या यादीतली सगळ्यात महत्त्वाची, गॅडोलिनियम (व्रण उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) देऊन केलेला हृदयाचा एमआरआय. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तो आधी सांगा.

एमआरआय कुठे होतो यापेक्षा तो कोण वाचतं याला जास्त महत्त्व आहे. उजव्या जवनिकेवर थोडी चरबी निरोगी माणसातही असते आणि तिथल्या भिंतीची हालचाल मुळातच जराशी खडबडीत दिसते. अनुभव नसलेला वाचक यावरून आजार नसताना आजार ठरवतो. हे बऱ्याचदा घडलेलं आहे. निदानाचे निकष जवनिकेच्या आकारमानावर आणि हालचालीतल्या ठळक दोषावर उभे आहेत, चरबीवर नाहीत. उलट बाजूही आहे. आठवड्याला ५०-६० किलोमीटर धावणाऱ्या व्यक्तीची उजवी जवनिका सरावानंच थोडी मोठी होऊ शकते. म्हणून तुम्ही किती वर्षं, आठवड्याला किती तास धावता हे लिहून द्या. आणि काही जनुकांत, विशेषतः डेस्मोप्लाकिनमध्ये दोष असला तर आजार डाव्या जवनिकेतून सुरू होतो, इकोत काही दिसत नाही आणि एमआरआयमध्ये मात्र भिंतीच्या बाहेरच्या थरात व्रण सापडतो. अशा कुटुंबांत कधी कधी छातीत दुखतं, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात आणि ‘हृदयाला सूज आली होती’ म्हणून प्रकरण मिटतं. तुमच्या घरात कुणाला असं झालं असेल तर ते आवर्जून सांगा. तरुणपणी झोपेत किंवा खेळताना अचानक गेलेले नातेवाईक, बुडून झालेला न उलगडलेला मृत्यू, हेही सांगा. हात-पायांचे तळवे जाड आणि केस जन्मापासून लोकरीसारखे असणं हीसुद्धा खूण असते, कारण डेस्मोसोम त्वचेतही असतात. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरच्या कुटुंबांत १९८६ मध्ये वर्णन झालेला आजार असाच ओळखला गेला, आणि पुढे त्याचं कारण प्लाकोग्लोबिन या डेस्मोसोमच्या प्रथिनात सापडलं.

जनुकीय चाचणीचा क्रम चुकवू नका. ती आधी तुमची करायची नसते, भावाची करायची असते. आजार त्याला आहे, दोष असेल तर त्याच्यात सापडेल. प्लाकोफिलिन-२, डेस्मोप्लाकिन, डेस्मोग्लिन-२, डेस्मोकोलिन-२ आणि प्लाकोग्लोबिन ही पाच जनुकं त्यात हवीतच. त्याच्यात निश्चित रोगकारक बदल सापडला तर तुमच्यात फक्त तो एकच बदल शोधायचा. आजार बहुधा एका प्रतीतल्या दोषानं येतो, म्हणून तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. तो नसला तर तुम्ही देखरेखीतून बाहेर, तुमच्या मुलीलाही त्या बदलाची काळजी नाही, आणि धावायला तुम्ही मोकळ्या. असला तर आजार झालाच असं नाही. पुष्कळ जणांना आयुष्यभर गंभीर काही होत नाही. पण दर १ ते ३ वर्षांनी या सगळ्या तपासण्या करायच्या आणि स्पर्धा, लांब पल्ला, वेगाचे सराव सोडायचे. मध्यम चालीचं चालणं आठवड्याला १५० मिनिटांच्या आसपास, इथून चर्चेला सुरुवात करा आणि तपासण्यांवरून तुमच्या डॉक्टरांशी प्रमाण ठरवा.

खरी पंचाईत तिसऱ्या शक्यतेत होते. भावाच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असं आलं, तर तो बदल तुमच्यात आहे की नाही यावरून काहीही ठरवू नका. तो नसल्यानं तुम्ही सुरक्षित ठरत नाही आणि असल्यानं रुग्ण ठरत नाही. इथे लोकांची वाट हमखास चुकते, म्हणून अहवाल समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक गाठा आणि दोन-तीन वर्षांनी त्या बदलाचं वर्गीकरण बदललं का ते विचारा. भावात काहीच सापडलं नाही तरीही तुम्ही सख्खी बहीण आहात, तेव्हा तपासण्या चालूच राहतील. शक्य असेल तर आई-वडिलांचीही तपासणी करा, म्हणजे दोष कुठल्या बाजूनं आला ते कळतं आणि त्या बाजूच्या नातेवाइकांना कळवता येतं.

पुढच्या काही लक्षणांवर तपासणीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. पळताना किंवा पळून थांबल्याबरोबर शुद्ध हरपणं. बसल्या जागी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी धडधड, विशेषतः तिच्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर. छातीत दुखून ट्रोपोनिन वाढलेलं असणं. यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. फार वेळ उभं राहून, गरमीत, आधी घाम-मळमळ होऊन आलेली भोवळ वेगळी असते आणि बहुतेकदा निरुपद्रवी असते, तरी तुमच्या घरात ती डॉक्टरांच्या कानावर घालावी.

भावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं. आयसीडी आजार थांबवत नाही, फेरा सुरू झाला की तोडतो. म्हणून तो बसवल्यावर पुन्हा धावायला मोकळीक मिळत नाही. बीटा ब्लॉकर (ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम कमी करणारं औषध) चालू असेल तर गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, संपायच्या आत आणून ठेवायच्या. एक झटका बसून नंतर बरं वाटत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवून यंत्र तपासून घ्यावं. २४ तासांत दोन किंवा जास्त झटके बसले, किंवा एका झटक्यानंतरही बरं वाटत नसेल, तर थेट रुग्णालयात. फेरे वारंवार होऊ लागले तर औषधं वाढवता येतात आणि कॅथेटरनं फेऱ्याची वाट जाळून तोडताही येते. या आजारात ती वाट बऱ्याचदा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी असते, म्हणून दोन्ही बाजूंनी काम करण्याचा अनुभव असलेलं केंद्र निवडावं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं सीपीआर शिकून घ्यावा. माणूस प्रतिसाद देत नाही, श्वास नाही किंवा नुसता आचके दिल्यासारखा आहे, तर मदत बोलवा आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या, जवळ एईडी (बाहेरून झटका देणारं स्वयंचलित यंत्र) असेल तर लगेच लावा. आयसीडी असलेल्या माणसाला दाब देणाऱ्यानं घाबरू नये; झटका बसला तरी हाताला फार तर किंचित झिणझिणी जाणवते.

राहिली मुलगी. आजाराचं निदान तिच्या मामाला झालं आहे, आईला किंवा वडिलांना नाही. तेव्हा तिच्या तपासणीचा प्रश्न तुमच्या निकालानंतरच येतो. तुमच्यात दोष नाही हे निश्चित झालं तर तिला काहीच करायचं नाही. दोष असेल तर ईसीजी, इको, होल्टर १० ते १२ व्या वर्षापासून सुरू करतात, कारण त्याआधी हा आजार दिसणं फार विरळ असतं. लहान मुलांमध्ये व्ही-१ ते व्ही-३ मधली उलटी टी लहर नैसर्गिकच असते, त्यामुळे आत्ता घाईनं काढलेला ईसीजी नीट न वाचल्यास उगाच भीती घालेल. तिला त्रास नसेल तर तुमचा निकाल येईपर्यंत तिचं खेळणं-बागडणं अडवू नका. शुद्ध हरपली किंवा धडधड सांगितली तर मात्र वयाची वाट न पाहता बालहृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि येत्या भेटीत भावाच्या डॉक्टरांना एवढं नक्की विचारा : त्याच्या जनुकीय चाचणीचा नमुना पाठवला आहे का, त्यात कुठली जनुकं आहेत, आणि अहवालाची प्रत तुम्हाला देण्यासाठी भावाची लेखी परवानगी घेतली आहे का.